वडिलांच्या डब्यातली चांदीची नाणी: आधी वेगळी करा, मग काट्यावर ठेवा

नेरुळच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. वडील मर्चंट नेव्हीत इंजिनीयर होते, गेल्या पावसाळ्यात वारले. कपाटातून तीन प्रकार निघाले. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात आजोबांचे, अलिबागच्या घरातून आलेले २१२ चांदीचे रुपये. प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये वडिलांनी बंदरोबंदरी घेतलेली एकेक औंसाची ४० परदेशी नाणी. आणि गांधीजींचं चित्र असलेली दहा रुपयांची ११ नाणी. जवळच्या एका सराफाने सगळं एकदम काट्यावर घेतलं, ३ किलो ८८१ ग्रॅम भरलं, आणि तो म्हणाला, "सरसकट ७० टंच धरू, आजच पैसे खात्यात." (टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती ते.) रुपये काळे पडलेत, अल्बममधल्या काही नाण्यांवर हिरवट चिकटा आलाय. आई म्हणते, भांड्यांच्या पावडरने घासून लख्ख करू आणि मग दुसऱ्या सराफाला दाखवू. बहीण कळव्याला, धाकटा भाऊ टोरांटोला. ठेवावं कुठे, विकावं कुठे, टॅक्स किती?

पावडर आधी परत मोरीत ठेवायला सांगा. बाकीचं सावकाश बोलू.

मी चौतीस वर्षं ठाण्याच्या नौपाड्यात मोडीची चांदी आणि जुनी नाणी यांचा व्यवहार केला. आता दुकान मुलगा बघतो. एवढ्या वर्षांत वारसांचं सगळ्यात जास्त नुकसान कशात होताना पाहिलं, तर तीन वेगळ्या वस्तू एकाच ताजव्यात घालण्यात. चोरीत किंवा भाव पडण्यातही एवढं जात नाही. तुमचाच हिशोब मांडून दाखवतो.

तुमच्या यादीप्रमाणे २१२ पैकी १७० रुपये १९४० च्या आधीचे आहेत, ४२ त्यानंतरचे. १९४० च्या आधीचा ब्रिटिश अमदानीतला रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के चांदी. एका नाण्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १७० नाण्यांची झाली १,८१७ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना, म्हणून १९४० ते १९४५ चा रुपया तेवढ्याच वजनाचा पण निम्म्या चांदीचा पाडला. उरलेल्यात ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल आणि जस्त. तुमच्या ४२ नाण्यांत शुद्ध चांदी साधारण २४५ ग्रॅम. औंसाची ४० नाणी जवळजवळ शुद्धच, ३१.१ ग्रॅमप्रमाणे १,२४४ ग्रॅम. गांधीजींचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, म्हणजे ११ नाण्यांची १३२ ग्रॅम. एकूण शुद्ध चांदी ३,४३८ ग्रॅम. सराफाने धरली ३,८८१ च्या ७० टक्के, म्हणजे २,७१७ ग्रॅम. फरक ७२१ ग्रॅमचा. भाव रोज हलतो, म्हणून सोप्या हिशोबाला ग्रॅमला १०० रुपये धरा: ७२ हजार रुपये तिथल्या तिथे गेले. झिजलेले रुपये ११.४ च्या आसपास भरतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं इकडे-तिकडे होईल. पण चित्र बदलत नाही.

तो सराफ लबाडच असेल असं मी म्हणणार नाही. त्याचा धंदा पैंजण, जोडवी, ताटवाट्यांचा. समोर आलेल्या ढिगात काय आहे ते एकेक करून बघायला त्याला वेळ नाही, म्हणून तो स्वतःची बाजू सांभाळून आकडा सांगतो. नाणी वेगळी करायचं काम विकणाऱ्याचं आहे, आणि ते जेवणाच्या टेबलावर एका रविवारी होतं.

आधी रुपये. मागच्या बाजूचं साल बघा आणि कड बघा. १९४० पासूनच्या युद्धकाळातल्या रुपयाच्या कडेला मधोमध खाच फिरवलेली असते, आधीच्या रुपयाची कड साधी दातेरी असते. नजर बसली की साल वाचायचीही गरज पडत नाही. १९४७ चा रुपया दिसला तर तो चांदीचा नाही, निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक लावून बघा, पोरांना मजा वाटेल. डब्यात कुठे वेगळ्याच लिपीतला, थोडा हलका रुपया निघाला तर तो हैदराबादचा हाली सिक्का असू शकतो. त्यात चांदी बहुधा ८१.८ टक्के. तो बाजूला ठेवा.

आता लोकांचा एक ठाम समज: नाणं जितकं जुनं तितकं महाग. राणीछाप रुपया हातात घेऊन '१८६२' वाचलं की डोळे चमकतात. खरी गोष्ट अशी की १८६२ हे साल टांकसाळीने पुढे दहा-बारा वर्षं तसंच छापत ठेवलं. नाणं कोणत्या वर्षी पाडलं ते सालावरून नाही, बारीक ठिपक्यांवरून ओळखायचं. त्यामुळे १८६२ हा सगळ्यात सहज मिळणारा राणीछाप रुपया. १८४० चं तेच. याउलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावरच्या मानचिन्हात हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरडा झाला, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त केला. तो 'डुक्कर रुपया' चांदीच्या भावाने द्यायचा नसतो. आणि १९३९ चा रुपया डब्यात निघाला तर आनंद करण्याआधी संशय घ्या. तो फार दुर्मिळ, म्हणूनच ३८ च्या आठाचा कोरून नऊ केलेले फिरतात. भिंगातून त्या शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन बघा, खरवडल्याची खूण असेल तर कळतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका आजीबाईंचे साठेक रुपये मी चांदीच्या भावात घेतले आणि न बघता आटणीला धाडले. लगड होऊन आल्यावर वडिलांनी विचारलं, "सालं बघितली होतीस ना?" त्यात काय होतं ते मला आजवर माहीत नाही, आणि तेच जास्त लागतं.

औंसाच्या नाण्यांचं वेगळं. अमेरिकेचा सिल्व्हर ईगल, कॅनडाचं मेपल लीफ, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक ही सगळी 'बुलियन' नाणी, म्हणजे चांदी साठवायची सोय म्हणून पाडलेली. त्यावर ५ डॉलर किंवा दीड युरो छापलं असलं तरी त्या आकड्याला अर्थ नाही. ब्रिटनच्या ब्रिटानियाकडे मात्र साल बघा: १९९७ ते २०१२ ची ९५.८ टक्के चांदीची आहे, वजन जास्त, ३२.४५ ग्रॅम. २०१३ पासूनची ९९.९ टक्के. दोन्हींत शुद्ध चांदी एकच औंस. सराफाने जुनी ब्रिटानिया मशीनवर ठेवून "ही कमी टंचाची निघाली" म्हटलं तर घाबरू नका, वजन करायला सांगा. मेपल लीफवर दुधासारखे पांढरे डाग दिसतील. ती त्या नाण्यांची जुनी खोड आहे, चांदीच्या किमतीत त्याने काही कमी होत नाही.

इथे दोन शब्दांवर लक्ष ठेवा, तोळा आणि औंस. आजचा सराफ 'तोळा' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात १० ग्रॅम असतात. रुपयाचं मूळ वजनच एक तोळा, पण जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. "एक रुपया म्हणजे एक तोळा, म्हणजे दहा ग्रॅम" असं बोलता बोलता कोणी हिशोब केला की दर नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त गेलं. औंसाचंही तसंच. मोबाइलवर 'एक औंस किती ग्रॅम' शोधलं की २८.३५ येतं. ते किराण्याचं औंस. चांदीचं औंस ट्रॉय, ३१.१ ग्रॅम. ४० नाण्यांवर हा फरक ११० ग्रॅमचा होतो. म्हणून माझा नियम साधा: तोंडाने तोळा-औंस काहीही बोला, कागदावर ग्रॅम लिहा.

खरं-खोटं बघायला घरात एक प्रयोग करता येतो. मला तो टंच बघायच्या मशीनपेक्षा आवडतो, कारण मशीनचे किरण वरच्या थरातलंच बघतात. जाड मुलामा असला तर आतलं तांबं त्यांना दिसत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. त्यावर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरा हातातच राहील. काटा आता नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. औंसाच्या खऱ्या नाण्याला आकडा २.९६ च्या आसपास येतो. तांबं-निकेलचं बनावट नाणं त्याच वजनाचं असेल तर ३.५ च्या जवळ जाईल. १९४० आधीच्या न झिजलेल्या रुपयाला १.१३ च्या आसपास. हात थरथरतो, आकडा नाचतो, म्हणून तीनदा करा. पहिल्या पाच नाण्यांना वेळ लागतो, मग चहा संपेपर्यंत वीस होतात. नाणी नंतर मऊ सुती फडक्यावर टिपून कोरडी करा, घासू नका.

सराफाकडे जुनी पद्धत म्हणजे कडेला कानस मारून तेजाबाचा थेंब. लगडीला ठीक आहे. जुन्या रुपयाला कानस लागू देऊ नका, संग्राहक त्या नाण्याकडे मग बघतही नाही.

आता काळेपणा. काळी पडलेली चांदी म्हणजे खराब चांदी नव्हे. हवेतल्या गंधकाशी वरचा थर मिळून सिल्व्हर सल्फाइडचं पापुद्रं धरतं, एवढंच. आणि नेरुळ, वाशी, ऐरोली म्हणजे खाडीकाठ. ओहोटीला चिखलाचा तो कुजकट वास येतो ना, तोच हायड्रोजन सल्फाइड. तुमचा एसीवाला कॉइल लवकर सडते म्हणून कुरकुरत असेल, त्याचं आणि तुमच्या नाण्यांचं दुखणं एकच. ते पापुद्रं पावडरने, टूथपेस्टने, चिंचेने किंवा लिंबाने काढलं की त्यासोबत नाण्याची मूळ त्वचाही निघते आणि बारीक ओरखड्यांची बनावट चकाकी उरते. जाणकार ती दोन फुटांवरून ओळखतो. अॅल्युमिनियमच्या कागदावर सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायचा घरगुती उपाय फिरत असतो. तो ताटवाट्यांना चालेल, जुन्या नाण्यांना नको, कारण पृष्ठभाग निस्तेज होतो. देवघरातला चांदीचा रुपया घासायचा असेल तर खुशाल घासा, तो विकायचा नाहीये.

हिरवट चिकटा मात्र काढायलाच हवा. तो काळेपणासारखा निरुपद्रवी नाही. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. ते उकाड्यात आणि दमटपणात सुटत जातं आणि धातू खातं. वडिलांनी हौसेने घेतलेला अल्बम हाच या कथेतला खलनायक आहे. नाणी त्यातून आजच काढा. रसायनांच्या दुकानातून शुद्ध अॅसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचं चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतो. काचेच्या वाटीत नाणी बुडवून ठेवा, काही वेळाने काढून नव्या अॅसिटोनमध्ये एकदा विसळा आणि आपोआप सुकू द्या. घासणं नाही, कापूस नाही. हे गॅलरीत करा. अॅसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं, म्हणून गॅसच्या ओट्याजवळ किंवा देवाच्या समईजवळ नको.

ठेवायची पद्धत यानंतर सोपी आहे. औंसाची नाणी कडक प्लॅस्टिकच्या नळ्यांत, रुपये एकेक करून मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पाकिटांत किंवा पुठ्ठ्याच्या चौकटींत, आणि सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बदला. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड यांत गंधक असतं, म्हणून ती लावू नका. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. प्लायवूडच्या नव्या कपाटातूनही वाफा सुटतात, तिथे उघडी नाणी ठेवू नका. नाणी कडेला धरा, बोटांचे ठसे वर्षभरात चांदीत उमटतात. सील केलेल्या कार्डातलं बँकेचं किंवा टांकसाळीचं नाणं असेल तर सील फोडू नका. सील शाबूत आहे तोवर खरेदीदार शंका काढत नाही.

घरी की लॉकरमध्ये? तुमचा सगळा माल चार किलोच्या आत आहे, लहान लॉकरमध्ये मावतो, म्हणून मी लॉकर म्हणेन. पण लॉकरला तिजोरी आणि विमा असं दोन्ही समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. पूर, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत ती जबाबदारी येत नाही. २६ जुलै २००५ नंतर तळमजल्यावर राहणारे एक गिऱ्हाईक माझ्याकडे नाणी घेऊन आले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले रुपये ओले होऊन कागदाला इतके चिकटले होते की एका रुपयाच्या पाठीवर उलटी बातमी वाचता येत होती. म्हणून बँक निवडताना लॉकर कोणत्या मजल्यावर आहे ते बघा, आणि डबा पाणी न शिरणारा घ्या. लॉकरमध्ये ठेवण्याआधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, साल, वजन अशी वही करा. विम्यालाही तीच लागते आणि भावंडांनाही.

भावंडांचा विषय आलाच आहे तर. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई आणि तीन मुलं, असे चार समान वाटे. बहिणीचा वाटा तुमच्याइतकाच. लॉकरवर नॉमिनी म्हणून एकाचंच नाव असलं तरी नॉमिनी मालक होत नाही, वस्तू हातात घेऊन वारसांना द्यायची त्याची जबाबदारी असते. चौघांच्या सहीने एक साधा कागद करा: एकूण काय निघालं, काय विकायचं, काय कोणाकडे राहायचं. नाण्यांना सातबारा नसतो, हा कागदच त्यांचा सातबारा.

टोरांटोच्या भावाला आजोबांचे रुपये नेता येतील का? १०० वर्षं पूर्ण झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. एखादं नाणं आठवण म्हणून खिशातून नेऊ, असाही विचार नको, आणि परदेशी वेबसाइटवर विकायला टाकणं तर नकोच. घरात बाळगायला किंवा देशात विकायला हरकत नाही, फक्त असा माल विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. व्यवहारात सोपं म्हणजे जुने रुपये इथल्या भावंडांनी घ्यावेत आणि त्याचा वाटा पैशात द्यावा. त्याच्या वाट्याची विक्री थेट त्याच्या नावाने झाली तर अनिवासी म्हणून टीडीएसचा प्रश्न येतो, तेवढं आधी सीएशी बोला.

आता विक्री. तीन ढीग झालेत, तर तीन वेगळी गिऱ्हाइकं.

युद्धकाळातले ४२ रुपये आणि फार झिजलेले जुने, ज्यांचं साल बोटाला लागत नाही, हे मोडीत द्या. त्यासाठी गल्लीतल्या दागिन्यांच्या दुकानापेक्षा चांदीची खरेदी आणि गाळणी हाच धंदा असलेला माणूस बघा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास विचारा, नाहीतर एक दिवस काढून झवेरी बाजार गाठा. गांधीजींची ११ नाणी शक्यतो यात घालू नका. संग्राहक ती घेतात, फार वर भाव मिळत नाही, पण मोडीपेक्षा बरा.

चांगले रुपये नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे न्यायचे, सराफाकडे नाही. एकदम १७० नका दाखवू. सालवार पाच-पाच काढा, दोघातिघांना दाखवा आणि ते कोणत्या नाण्यावर थांबतात ते बघा. व्यापारी तोंडाने काही बोलत नसला तरी त्याचं भिंग बोलतं. जे नाणं तो परत परत उचलतो ते त्या दिवशी विकू नका. मुंबईत नाण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्था आहेत. १९११ सारखं चांगल्या अवस्थेतलं नाणं निघालं तर तिथे विचारा. लिलावात कमिशन जातं, महिने जातात, म्हणून साध्या १८६२ साठी तो खटाटोप परवडत नाही.

औंसाची नाणी ज्याला नाव वाचता येतं त्याला विका. तिथे फक्त दोन आकड्यांची घासाघीस: ९९.९ शुद्ध चांदीचा आजचा भाव आणि त्यातून तो किती टक्के कापणार. आयबीजेए ही सराफांची संघटना रोज भाव जाहीर करते, तो सकाळी बघून निघा. त्यात ३ टक्के जीएसटी धरलेला नसतो, आणि घरगुती विकणाऱ्याने तो मागायचाही नसतो. तुम्ही विकताय तेव्हा उलट तुमच्याकडून कोणी जीएसटी कापू लागला तर तिथून उठा. "वितळवून टंच काढू, मग भाव सांगतो" हे औंसाच्या नाण्याला कधीच मान्य करू नका, एकदा लगड झाली की ती मेपल लीफ राहत नाही.

दुकानात जाताना आपला काटा पिशवीत असू द्या. दुकानदाराचा राग आला तर येऊ द्या, मीही एकेकाळी रागावत असे. नाणी नजरेआड आत नेऊ देऊ नका आणि रात्रभर ठेवून येऊ नका. ट्रान्सहार्बर लोकलने जाणार असाल तर दुपारची वेळ धरा आणि सोबत एक माणूस. पैसे खात्यात घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही, आणि बहुतेक व्यापारी एका माणसाला दिवसाला १० हजारांवर रोख देतच नाहीत, कारण तो खर्च त्यांच्या हिशोबात धरला जात नाही. खरेदीची पावती मागा, त्यावर नाण्यांची संख्या, वजन, टंच आणि भाव वेगवेगळे लिहिलेले हवेत. पॅन कार्ड लागेल, द्या.

आणि मोबाइलवर "जुना रुपया पाच लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा" म्हणणारा भेटेल. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क आणि कर मागणाऱ्यांबद्दल बँकेने स्वतःच २०२१ मध्ये सावध केलं होतं. विकणारा पैसे भरत नसतो.

टॅक्सचं. वारशाने मिळालं म्हणून काही भरायचं नाही. विकलं की भांडवली नफा. वडिलांनी, आजोबांनी ती किती वर्षं ठेवली ते तुमच्या खात्यात धरलं जातं, म्हणून हा नफा दीर्घ मुदतीचा, २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर १२.५ टक्के, महागाईची वजावट न मिळता. मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ आधीच्या मालाला त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. तेव्हा चांदी किलोला आठ हजारांच्या आत होती, त्यामुळे आजोबांच्या रुपयांवर जवळजवळ सगळीच रक्कम नफा दिसेल. ते मनाशी धरूनच चाला. चौघांनी आपापल्या वाट्याचा नफा आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. आईचं दुसरं उत्पन्न कमी असेल तर करमुक्त मर्यादेचा उरलेला भाग तिच्या वाट्याला उपयोगी पडतो.

"हे तर लक्ष्मीपूजनातले रुपये, घरगुती वस्तू, त्यावर कसला टॅक्स?" असं एक नातेवाईक हमखास म्हणतो. हीच बाजू १९७६ साली एका संस्थानिक घराण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली गेली होती. मोहरा, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी पूजेत ठेवतो, म्हणून त्या वैयक्तिक वापराच्या वस्तू आहेत, असं म्हणणं होतं. न्यायालयाने मानलं नाही.

सगळं आजच विकावं का, याचं उत्तर भावावर सोडू नका. चांदी जानेवारी १९८० मध्ये औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली होती. पुन्हा तिथे टेकायला एप्रिल २०११ उजाडलं, आणि तो टप्पा मागे पडला ऑक्टोबर २०२५ मध्ये. ज्याने शिखर गाठून विकायचं ठरवलं त्याचे केस पांढरे झाले. भावंडांना पैसे हवेत तर आधी मोडीचा ढीग आणि औंसाची निम्मी नाणी काढा. जुने रुपये सगळ्यात शेवटी, ते ओळखायला तुम्हाला अजून दोन रविवार लागणार आहेत.

औंसाच्या नाण्यांच्या पावत्यांसाठी वडिलांची जुनी कागदपत्रं एकदा नीट चाळा. दर्यावर्दी माणसाच्या सीडीसीत, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदवहीत, कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला त्याचे शिक्के असतात. पावती सापडली तर उत्तम, नाही सापडली तर नाण्यावरचं साल आणि त्या वर्षीची सफर जुळवून सीएला खरेदीचा काळ तरी सांगता येतो. आणि अल्बमच्या कप्प्यांच्या मागेही बघा. नाण्यामागे चिठ्ठी खोचून ठेवायची सवय मी अनेक बोटवाल्यांत पाहिली आहे.